पाठ टेकली की नाही, एवढंच बघायचं का?

आमच्या देडतलाईची जागाच अशी आहे की इथे दंगल भरली, की पैलवान कुठला हे त्याच्या बोलण्यावरून ओळखता येतं. एका अंगाला बुऱ्हाणपूर, दुसऱ्या अंगाला धारणी आणि मेळघाट, सातपुडा उतरून गेलं की रावेर आणि जळगाव जामोदकडची गावं. निमाडी, कोरकू, मराठी, हिंदी अशा चार बोल्या एका आखाड्याभोवती मांडी घालून बसतात. कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला ‘मैदान’ म्हणतात, त्याला आपण निमाड-खानदेशवाले ‘दंगल’ म्हणतो. तिकडे हलगी, इकडे डफडं. पूर्वी इनाम म्हणून पितळेची भांडी असायची, आता रोख पैसे असतात. बाकी माती तीच आणि वाद तेच.

या दंगलींत मी बरीच वर्षं पंच म्हणून उभा राहिलो आहे. पंचाला दोन गोष्टी बघाव्या लागतात: पाठ टेकली की नाही, आणि कुस्ती खरी की नूरा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड.

नूरा कुस्ती म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या शहरी आणि परदेशी वाचकांसाठी थोडं सांगतो. दोन पैलवान आधीच ठरवून येतात. आज तू पड, पुढच्या गावाला मी पडतो, इनाम निम्मं निम्मं. किंवा दोघंही पंधरा-वीस मिनिटं खडाखडी करत राहतात आणि शेवटी बरोबरी सुटते. बघणाऱ्याला कळत नाही असं नाही. दोघं एकमेकांच्या पटात शिरत नाहीत. मानेवर हात पडतो, पण त्या हाताला वजन नसतं. आणि पडणारा पडायच्या आधीच हात जमिनीकडे नेतो, हे सगळ्यात मोठं लक्षण. खरोखर फेकला गेलेला माणूस शेवटच्या क्षणापर्यंत पूल करायचा प्रयत्न करतो. तो हाताने जागा शोधत नाही. म्हणून तर गावोगावच्या पत्रकांवर मोठ्या अक्षरात ‘निकाली कुस्त्या’ असं छापावं लागतं. खऱ्या दुकानाला ‘आमची कुठेही शाखा नाही’ लिहावं लागतं, तसंच हे.

लोक नूरा कुस्तीला शिव्या घालतात, मीही पंच म्हणून तशा जोड्या आखाड्याबाहेर काढल्या आहेत. पण ती का होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. आमच्या भागातला पैलवान हंगामात गावोगाव फिरतो. दूध, बदाम, तूप यांचा खर्च घरच्या दोन-तीन एकरांतून निघत नाही. आज इथे खांदा निखळला, तर पुढच्या सगळ्या दंगली बुडाल्या. दवाखान्याचा खर्च आयोजक देत नाही, आणि हरलेल्याला मिळतो नारळ. अशा वेळी दोन गरीब पोरं आपसात ठरवतात की जिवाला जपून खेळू आणि पैसे वाटून घेऊ. फसवणूक आहेच. पण त्या फसवणुकीच्या पोटात स्वतःची मान वाचवायची धडपडसुद्धा आहे. माझं मत असं झालं आहे की हरणाऱ्यालाही इनामाचा ठरावीक हिस्सा जाहीरपणे दिला, तर निम्म्या नूरा कुस्त्या आपोआप बंद होतील. काही गावांत आम्ही हे करून पाहिलं, तिथे जोड्या जास्त मोकळ्या लढल्या. ठरवून खेळायला कारण उरलं नाही, एवढं साधं आहे ते.

मोठ्या गादीवरचा प्रकार वेगळा. तिथे पोटासाठी कुणी पडत नाही. तिथे भांडण होतं ते निकालावर.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झालं, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकले नाहीत, चित्रफीत बघा. वाद वाढला, राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांच्या निर्णयावर चिडून वेळ संपत आली असताना गादी सोडली. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली.

लाथ मारणं चूकच. पंचाच्या अंगाला हात लावणाऱ्याला मी कुठल्याही आखाड्यात उभं करणार नाही. पण त्या रात्री गावातल्या चहाच्या टपरीवर पंधरा जण चित्रफीत थांबवून थांबवून एक खांदा बघत होते, आणि पंधरांची चार मतं होती. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा अशी चित्रफीत नव्हती. पंच बोलला की संपलं. आता पंचाच्या दोन डोळ्यांच्या समोर हजारो कॅमेरे आहेत. गदेसोबत चारचाकी गाडी आहे, सरकारी नोकरीची आशा आहे, आयुष्य बदलण्याची किंमत आहे. त्यात २०२३ च्या नोव्हेंबरात एक महाराष्ट्र केसरी फुलगावला झाली आणि दुसरी धाराशिवला, कारण संघटनाच दोन. एका किताबाचे दोन मानकरी. पैलवानाने विश्वास ठेवायचा कुणावर?

पैलवानाच्या बाजूने बोलणारं कुणी नसणं हे काही आजचं नाही. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आपल्याला पाठ आहे. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेही आपण मुलांना सांगतो. कमी सांगितला जाणारा भाग पुढचा आहे. हेलसिंकीत एक लांबलेली, दमवणारी कुस्ती संपल्याबरोबर त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. तो नियम दाखवायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. ती कुस्ती ते हरले. सोनं की कांस्य, हा फरक कदाचित त्या अर्ध्या तासाचा होता. खेळाडूची सुरक्षा आणि खेळातला न्याय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आपल्या मंडळाचे काही सभासद अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी एकाशी बोलताना तिथल्या फुटबॉलचा विषय निघाला. पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, अंगावर धावून जाऊन, लंबगोल चेंडू हातात धरून खेळतात तो. त्याने सांगितलेल्या गोष्टी ऐकून मी नंतर बरंच वाचलं.

तिथे २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाच्या चेंडूंत नियमापेक्षा कमी हवा सापडली. मऊ चेंडू पकडायला सोपा. यावरून संघाला १० लाख डॉलरचा दंड आणि टॉम ब्रॅडी या त्यांच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला चार सामन्यांची बंदी. याच संघाला २००७ मध्ये प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या खुणांचं चोरून चित्रीकरण केल्याबद्दल दंड झाला होता, प्रशिक्षकाला एकट्याला ५ लाख डॉलर. इथपर्यंत आपल्याला हसू येतं. हवा कमी केली म्हणून एवढा गहजब!

पण तिसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. न्यू ऑर्लीन्स सेंट्स या संघात २००९ ते २०११ दरम्यान समोरच्या खेळाडूला जखमी करण्यासाठी आपल्याच खेळाडूंना बक्षीस देण्याचा एक निधी चालत होता. समोरच्याला उचलून न्यावं लागलं तर १००० डॉलर, तो सामन्यातून बाद झाला तर १५०० डॉलर. आपल्याकडे याला एकच शब्द आहे: सुपारी. २०१२ मध्ये हे उघड झालं आणि मुख्य प्रशिक्षकाला पूर्ण हंगाम बाहेर बसवलं. आमच्या नूरा कुस्तीत दोन पैलवान एकमेकांना लागू नये म्हणून पैसे वाटून घेतात, आणि तिथे समोरच्याला लागावं म्हणून पैसे वाटले जात होते. फसवणूक दोन्हीकडे. मला विचाराल तर मी नूरावाल्या पोराला दोन थपडा देऊन घरी पाठवीन, दुसऱ्याला पोलिसांत देईन.

आणि या सगळ्याच्या खाली एक जुनं दुखणं लपलं होतं. माइक वेबस्टर नावाचा तिथला नामांकित खेळाडू २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत वारला. शेवटची वर्षं त्याची स्मृती गेली होती, कधीकधी तो गाडीत झोपायचा. पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. त्यांनी त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या दणक्यांनी मेंदू आतून खराब झाला होता. २००५ मध्ये त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं, तर लीगच्या डॉक्टरांनी लेख मागे घ्या अशी मागणी केली! पुढे हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले, २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरच्या भरपाईची तडजोड ठरली आणि नंतर ती मर्यादाही उठवावी लागली. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या लीगमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये हा आजार निघाला. ते मेंदू बहुतेक अशा कुटुंबांनी दिले होते ज्यांना आधीच शंका होती, त्यामुळे प्रत्येक खेळाडूला हे होतं असा अर्थ काढता येणार नाही. तरी आकडा आकडाच आहे.

चेंडूतली हवा मोजायला तिथे यंत्र होतं. डोक्यातला दणका मोजायला इतकी वर्षं कुणी बसलं नाही. आपणही फार वेगळे नाही. पाठ टेकली का, यावर रात्र रात्र वाद घालतो, आणि मानेचं काय झालं हे विचारत नाही.

मानेचं सांगतो. एप्रिल २०१८. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावच्या यात्रेचं मैदान. विशीतला एक पैलवान लढताना डोक्यावर आपटला, मानेच्या मणक्याला इजा झाली. काही दिवस दवाखान्यात झुंज देऊन तो गेला. घरच्यांना दुखवायला नको म्हणून त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही. कुणी फसवलं नव्हतं, कुणी सुपारी दिली नव्हती. डावही नियमातलाच होता. बातमी आली, चित्रफीत फिरली, पुढच्या आठवड्यात पुढच्या गावाचं मैदान भरलं.

आता मी जे लिहितो ते कृपा करून दंगल भरवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाला दाखवा. मानेवर पडलेला पैलवान उठत नसेल, किंवा हातापायाला मुंग्या आल्या, बधिर वाटतंय असं म्हणत असेल, तर त्याला उठवून बसवू नका. आपल्याकडे काय होतं? चार जण धावतात, काखेत हात घालून उभा करतात, कुणी वस्ताद मान धरून ‘कडाक’ करतो, कुणी तोंडावर पाणी मारतो. मणका हलला असेल, तर हीच ओढाताण आतला मज्जारज्जू तोडू शकते. एकाने गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या सरळ रेषेत धरायचं आणि सोडायचं नाही. बाकीच्यांनी त्याला बोलतं ठेवायचं, श्वास बघायचा. नंतर चार-पाच जणांनी मिळून, डोकं आणि धड एकदम, सपाट फळीवर घ्यायचं. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावायचे. फळी नसेल तर शाळेचं दार काढा, पण मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. आमच्या भागात मोठा दवाखाना म्हणजे बुऱ्हाणपूर, आणि घाटाचा, वळणांचा रस्ता आहे. म्हणून गाडी आखाड्याशेजारी आधीच उभी हवी, नंतर शोधायची नाही.

दुसरं, जोड लावणं. तालमीतल्या गादीवर वजनगट असतात, आपल्या मातीत नसतात. पंच पोरांना फिरवतो, खांद्याला खांदा लावून बघतो आणि जोड लावतो. ही जुनी पद्धत वाईट नाही, पण तिच्यात पंचावर फार दडपण येतं. गर्दी ओरडते, ‘लावा लावा!’ मोठ्या अंगाच्या पैलवानासमोर एखादं जिगरबाज पोर हात वर करून उभं राहतं आणि लोकांना मजा वाटते. अशा वेळी नाही म्हणणारा पंच लोकांना आवडत नाही. साधा वजनकाटा हजार-दीड हजारात येतो. तो आखाड्याच्या तोंडाशी ठेवला की पंचाला नाही म्हणायला आधार मिळतो. काट्याशी गर्दी भांडत नाही.

कानांबद्दल थोडक्यात. मोडलेला, फुगून गोळा झालेला कान तालमीत भूषण समजतात. कानाच्या कुर्च्यावर रक्त साकळतं आणि ते तिथेच घट्ट होतं, एवढंच त्यात आहे. वेळेत डॉक्टरकडून ते काढून दाबपट्टी बांधली तर कान नीट राहतो. ज्याला भूषण हवं त्याने ठेवावं, पण ऐकू कमी यायला लागलं तर ते भूषण नाही.

आता सुई. हा लेख मी मुळात तिच्यासाठी लिहायला घेतला.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका घरातली बाई माझ्याकडे आली. मुलगा सतरा वर्षांचा, अंगाने चांगला, दोन-तीन दंगली मारलेला. आता त्याला कोल्हापूर नाहीतर पुण्याच्या तालमीत जायचं आहे. “गुरुजी, पाठवू का?” एवढाच तिचा प्रश्न. मग पदराची गाठ सोडून तिने एक रिकामी काचेची बाटली समोर ठेवली, अंगठ्याएवढी. “हे त्याच्या पिशवीत सापडलं. म्हणतो, ताकदीचं आहे. सगळेच घेतात.”

बाटलीवर मेफेन्टरमाइनचं नाव होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम पडला, तर तो वर आणायला डॉक्टर हे औषध देतात. दवाखान्यात, यंत्राकडे बघत, मोजून. तेच औषध व्यायामशाळांत, तालमींत आणि दंगलींत शिरलं आहे. घेतल्यावर छाती धडधडते, थकवा जाणवत नाही, दोन तास हत्तीचं बळ आल्यासारखं वाटतं. बळ येत नाही, थकव्याची घंटा बंद होते. ज्याचा रक्तदाब नीट आहे त्याचा तो भलताच वर जातो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सवय लागते, झोप उडते, काहींना भास आणि संशय सुरू होतात. वर एकच सुई तिघांनी वापरली तर काविळीपासून एचआयव्हीपर्यंत सगळ्याचा धोका. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत हे औषध स्पर्धेसाठी निषिद्ध उत्तेजक म्हणून आहे. मुलाला मी रागावलो नाही. बुऱ्हाणपूरला डॉक्टरकडे नेलं, रक्तदाब तपासला, आणि डॉक्टरांनी त्याला हे सगळं त्याच्याच तोंडावर सांगितलं. माझ्यापेक्षा पांढऱ्या कोटाचं त्याने जास्त ऐकलं.

“सगळेच घेतात” हे त्याचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते अगदीच खोटं नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५६०६ नमुन्यांपैकी २१४ मध्ये निषिद्ध द्रव्य सापडलं, म्हणजे शंभरात जवळजवळ चार. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी आल्याचं कळताच खेळाडू गायब झाले आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू पळाला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. ही राजधानीतली गोष्ट. खेड्यातल्या दंगलीत तर चाचणी कुणी घेतच नाही.

नरसिंग यादवची गोष्ट मी त्या मुलाला मुद्दाम सांगितली. जोगेश्वरीत वाढलेला, २०११, २०१२, २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवून ७४ किलो गटात रिओ ऑलिंपिकची जागा त्याने देशाला मिळवून दिली. सुशीलकुमारने चाचणी लढतीची मागणी केली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. मग जुलै २०१६ मध्ये बातमी आली की सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच. नरसिंगचं म्हणणं, माझ्या खाण्यापिण्यात कुणी तरी ते मिसळलं. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य करून त्याला सोडलं. वाडा क्रीडा लवादाकडे गेली. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, रिओमध्येच निकाल लागला: घातपाताचा पुरावा नाही, चार वर्षं बंदी. तज्ज्ञाचं मत होतं की प्रमाण बघता द्रव्य पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून नव्हे, तर गोळीच्या रूपात पोटात गेलं असण्याची शक्यता जास्त.

तो दोषी की बळी, यावर आजही आखाड्यात दोन तट आहेत, आणि मी त्यात पडत नाही. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की नियम असा आहे: तुझ्या लघवीत जे सापडेल त्याला तू जबाबदार. कुणी दिलं, कधी दिलं, चुकून गेलं, हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. म्हणजे दुसऱ्याच्या हातचा ग्लासही विचार करून घ्यायचा. खोकल्याच्या औषधापासून प्रोटीनच्या डब्यापर्यंत काहीही घेताना डॉक्टरला ‘मी खेळाडू आहे’ असं आधी सांगायचं. नाडाचं ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. ते त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर उतरवून घेतलं आणि पहिलं नाव त्याच बाटलीचं टाकलं.

वजनाचाही विषय निघाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमनी अपात्र ठरली, रात्रभर घाम गाळून, केस कापूनही, आणि नंतर तिला सलाइन लावावं लागलं. अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवलं, त्याचं आपण कौतुक केलं. १९९७ मध्ये अमेरिकेत असंच वजन उतरवताना महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीपटू मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना बंद झाले आणि वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायला लागले. सतरा वर्षांच्या वाढत्या पोराने वजन उतरवायचंच नसतं. वरच्या गटात लढायचं, हरला तर हरला.

आणि मुली. आता आमच्या दंगलींतही त्या येतात. २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, त्यांनी महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले, जूनमध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल. आई-बापांनी मात्र वसतिगृहात बाई प्रशिक्षक राहते का, खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे विचारायला लाजू नये.

तर त्या बाईला मी ‘पाठव’ही म्हटलं नाही आणि ‘पाठवू नको’ही म्हटलं नाही. कागदावर काही प्रश्न लिहून दिले. तालमीत रोज किती पोरं आणि वस्ताद किती? जखम झाली तर कोणत्या दवाखान्यात नेतात, खर्च कोण करतं, विमा आहे का? खुराकाशिवाय दुसरं काही देतात का, आणि देतात तर डबा बघायला मिळेल का? शाळा-कॉलेज चालू राहतं का? आधीच्या पाच मुलांचे, त्यातही कुस्ती सोडून गेलेल्या दोघांचे फोन नंबर मिळतील का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिंकलेले काय सांगतात ते सगळीकडे छापून येतं, सोडून गेलेल्यांना कुणी विचारत नाही.

तिच्या नवऱ्याने तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी विम्याचं नाव काढताच फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी वस्तादांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, फक्त सोडून गेलेल्या मुलांचे नंबर दिले नाहीत. तिसऱ्या वस्तादांनी दोन नंबर दिले आणि वर म्हणाले, “आधी येऊन आठ दिवस राहून बघा, पोरासोबत तुम्हीही राहा. जेवणाचे पैसे घेणार नाही.” दिवाळीनंतर कापूस वेचून झाला की बाप-लेक जाणार आहेत. मुलाच्या रक्तदाबाची दुसरी तपासणी त्याआधी आहे, आणि तिचा कागद सोबत न्यायचा असं ठरलं आहे.